आजाऱ्याची शुश्रूषा आणि तिची अट

वसई हे नगर पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ सालापासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. तेथे सोळाव्या शतकात पोर्तुगीज बाप व कोकणातील आई ह्यांच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मला. रोमन मंडळी त्याला संत म्हणते. आपण संतांकडे प्रार्थना करीत नाही. परंतु ज्याच्यापासून काही शिकावयाचे, त्याची मंडळी कोणती हे आधी पुसत बसणे शहाणपणाचे नव्हे.

हा मनुष्य दीक्षित पाळक नव्हता. तरुणपणी तो जपानात गेला, तेथील भाषा शिकला, धर्मशिक्षकास साह्य केले, मग व्यापार केला, व शेवटी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ साली तो दुभाषी होऊन पुन्हा जपानास गेला. क्योटो नगरात ह्या बंधूंनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढिले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांस वधस्तंभावर दिले, त्यांत तोही होता. १८६२ साली त्याला संतपद मिळाले.

लोक तो वधस्तंभ स्मरतात. आम्हांस मात्र त्या रुग्णालयावरून एक प्रश्न सुचतो, आणि तो गावोगावच्या धर्मशिक्षकांचाही आहे: आजारी मनुष्य सुवार्ता ऐकावयास राजी नसेल, तर त्याच्या उशाशी बसावे काय? कोणी म्हणतात, शरीराची काळजी घेऊन आत्मा तसाच सोडणे ही अर्धी प्रीती. ह्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे नाही. पण ज्याला उठून जाता येत नाही, त्याला बळेच उपदेश ऐकविणे म्हणजे त्याच्या दुखण्याचा फायदा घेणे होय. औषधपाणी बंद होईल ह्या भयाने तो मान डोलवितो. त्या डोलविण्यास विश्वास कसे म्हणावे? दाखल्यातील शोमरोन्याने जखमी मनुष्याचा धर्म विचारिला नाही. उतारशाळेचा खर्च दिला आणि तो आपल्या वाटेने गेला.

शिवाय ही सेवा एकट्या ख्रिस्ती लोकांची मिरास नव्हे. कल्याण-डोंबिवलीत कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी वर्षानुवर्षे खपलेले गजानन जगन्नाथ माने पूर्वी नौदलात होते. त्यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली.

आता ह्या रोगावर खात्रीचे औषध आहे. अनेक औषधे एकत्र देण्याची रीत १९८० नंतरच्या दशकात सुरू झाली, आणि उपचार सुरू होताच थोड्याच काळात संसर्गाचे भय सरते. तरी बऱ्या झालेल्या माणसाचा पेला कित्येक घरांत अजून वेगळ्या फळीवर असतो. धर्मशिक्षकाने घरभेटीस जाता तो कोठे ठेविला आहे हे पाहावे, आणि पाणी त्याच पेल्यातून मागून घ्यावे.