वेठीचे नाव

‘रोबोट’ हा शब्द आपल्याकडे आला तो नाटकातून. चेक नाटककार कारेल चापेक याच्या ‘आर. यू. आर.’ या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकासाठी तो त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने, सुचवला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. चापेकचे रोबोट कृत्रिम मांसाचे, हुबेहूब माणसासारखे दिसणारे. अखेर ते बंड करतात आणि एकाखेरीज साऱ्या मानवजातीचा संहार करतात.

गंमत पाहा, नाटक विस्मरणात गेले, त्यातले भय तेवढे मागे उरले. मोटारीच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा रोबोट म्हणजे नुसता एक हात. त्याला ना डोके, ना तोंड. पण चित्रात तो डोळे वटारूनच उभा! २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, तेव्हाही ‘हे उद्या आपल्यावर उलटणार का?’ ही पृच्छा कानी आलीच.

ती अगदीच खुळी आहे असे मी म्हणणार नाही. पण ती फार सोयीची आहे, धन्याच्या सोयीची! माणसाला कामावरून काढतो धनी, आणि शिव्या खातो रोबोट. यंत्राच्या डोळ्यांत आपण असे काही टक लावून पाहतो, की ते आणून बसवणाऱ्याकडे नजर जातच नाही.

चापेकची नजर मात्र तिकडे गेली होती. त्याच्या नाटकात रोबोट विकणारी कंपनी आहे. तिचा व्यवस्थापक स्वस्त मजुरीचा हिशेब मोठ्या हौसेने मांडतो. नाटकाचे नाव म्हणजे मुळी त्या कंपनीच्याच नावाची आद्याक्षरे!