मांडव्याची मर्यादा

भोपाळच्या श्यामला टेकडीवरील एका घराच्या गच्चीवर, बड्या तलावावरची उन्हे कलत असता, निवृत्त सत्र न्यायाधीश असलेले मामा आणि बाल न्याय मंडळाकडे परिवीक्षा अधिकारी असलेली त्यांची भाची यांच्यात त्या दिवशी जे बोलणे निघाले, ते चहा निवून गेला तरी संपले नाही.

भाचीने दुपारभर एका सतरा वर्षांच्या मुलाच्या सामाजिक तपासणी अहवालाचे रकाने भरले होते. ती म्हणाली, "मामा, 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचे पंधरावे कलम मंडळाला असे विचारते की, सोळा वर्षे पुरी झालेल्या मुलाकडून, किमान सात वर्षांची शिक्षा असलेला घोर अपराध घडला असेल, तर तो करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज त्याच्यापाशी होती काय, आणि या उत्तरावर त्याचा खटला प्रौढासारखा चालायचा की नाही ते ठरते. सरून गेलेल्या घटकेतले मन आज कोणत्या मापाने मोजायचे?"

"मनाचे माप कोणापाशीच नसते, कृत्य मात्र समोर असते," मामा म्हणाले. "आपल्या उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने सप्टेंबर 2024 मध्ये, चार वर्षांच्या बालिकेवर अत्याचार करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाची दहा वर्षांची शिक्षा कायम करताना, अल्पवयीनांना या देशात फार सौम्यपणे वागवले जाते अशी खंत नमूद केली. मी इतकी वर्षे इजलासावर काढली. आरोपीचा जन्मदाखला पाहून फिर्यादी आईचे दुःख हलके झाले असे कधी घडले नाही."

"आणि तो दाखलाच उशिरा रुजू झाला तर? ऑगस्ट 1994 मध्ये पुण्यात एकाच घरातल्या सात जणांची हत्या झाली. त्या खटल्यात फाशी सुनावलेल्यांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते मार्च 2023 मध्ये, त्याची अठ्ठावीस वर्षे कैदेत गेल्यावर. मध्येच फाशीचा अंमल झाला असता, तर तो निकाल कोणाला वाचून दाखवायचा होता?"

मामा काही काळ तलावाकडे पाहत राहिले. "आदिपर्वातल्या मांडव्य ऋषींनी धर्मालाच जाब विचारला होता. चोरांनी आश्रमात लपवलेल्या मालापायी राजाने निरपराध ऋषींना सुळावर चढवले. बालपणी तू कीटकाला गवताची काडी टोचलीस त्याचे हे फळ, असे धर्माने सांगताच त्यांनी धर्माला विदुर होऊन जन्मण्याचा शाप दिला, आणि चौदा वर्षांपर्यंतचे कृत्य पातक गणू नये अशी मर्यादा घातली. न्याय करणाऱ्यालाच शिक्षा झाल्याची ही कथा नोकरीत असताना मी फारशी आठवत नसे. पण ऋषींनीही रेघ ओढलीच ना?"

"ओढली, पण रेघ ओलांडताच सूळ उभा असतो असे आपला कायदाही म्हणत नाही. एकविसावे कलम मुलाला फाशी आणि सुटकेची आशा नसलेली जन्मठेप, दोन्ही नाकारते. विसावे कलम तो एकवीस वर्षांचा होताच त्याच्यात पालट झाला काय ते पुन्हा पाहायला लावते, आणि झाला नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात भोगायची असते. ही माफी नव्हे, मामा. निकालाचा शेवटचा परिच्छेद तेवढा तहकूब ठेवला आहे."

"आणि त्या बालिकेच्या आयुष्यातला परिच्छेद?"

भाचीला लगेच उत्तर सुचले नाही. "तो तहकूब ठेवता येत नाही," ती अखेर म्हणाली. "म्हणून शिक्षाच नको असे मी म्हणणार नाही. दहा वर्षे तर दहा वर्षे. पण त्या काळात त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणारे कोणीतरी हवे, नाहीतर एकविसाव्या वर्षीची पाहणी म्हणजे कागदावरचा नुसता शिक्का."

"हे मात्र खरे," मामा सावकाश म्हणाले. "शिक्षा लिहिली की दप्तर बांधायचे, ही आमची सवय, बांधलेल्या दप्तरातला मुलगा वाढतच असतो, हे आम्ही ध्यानात घेत नसू. किती वर्षे, यावर आम्ही वाद घालीत बसलो. ते दप्तर पुन्हा कोण सोडणार, हे कोणी विचारले नाही." मग थांबून त्यांनी विचारले, "आज तो मुलगा काय बोलला?"

"काहीच नाही. चटईतली एक काडी उपसून तिचे बारीक तुकडे करीत बसला होता. ते अहवालात लिहू काय?"

"लिही," मामा म्हणाले, "अर्थ मात्र लावू नकोस. खाली तारीख घाल."