काठावरचं दुकान

तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. नदीला पूर आलाय, दोघं झुंजतायत, आणि हा काठावर. दुसऱ्या महायुद्धातला पोर्तुगाल मात्र नुसता उभा नव्हता. त्याने काठावर दुकान मांडलं होतं.

माल होता वोल्फ्राम, म्हणजे टंगस्टन. आपल्या जुन्या पिवळ्या बल्बमधली बारीक तार याच धातूची. युद्धात पोलाद कापणाऱ्या हत्यारांना आणि रणगाडा भेदणाऱ्या गोळ्यांना तो लागे. जर्मनीला तो चीनमधून मिळायचा. जून १९४१ मध्ये तिने रशियावर चढाई केली आणि सैबेरियातली आगगाडीची वाट आपसूक बंद झाली. उरले पोर्तुगाल आणि स्पेन. इंग्रजही तिथे खरेदीला उतरले, स्वतःला हवा म्हणून आणि शत्रूला मिळू नये म्हणूनही. भाव कितीतरी पटींनी चढला. बेइराच्या डोंगरातली माणसं शेतं टाकून दगड उकरायला धावली. घरात चूल पेटायची मारामार, त्यांना कोण बोलणार? मी तरी नाही.

सालाझारचं वेगळं. (गोव्याकडच्या मैत्रिणींना हे नाव सांगायला नको!) १९४२ च्या जानेवारीत त्याच्या सरकारने जर्मनीशी वोल्फ्रामचा रीतसर करार केला. त्याचं म्हणणं, तटस्थाने दोघांनाही विकावं. एकाला नाही म्हटलं तर ती बाजू घेणंच झालं. शिवाय जर्मनी अंगावर येण्याची धास्ती. ती खोटी नव्हती, हिटलरचं सैन्य पिरेनीजपाशी येऊन ठेपलं होतं.

आपल्याकडे श्रावकाला जे अनर्थदंड टाळायला सांगितलेत, त्यात एक हिंसादान. तलवार, कुऱ्हाड, विस्तव असलं काही दुसऱ्याच्या हाती देणं. देणाऱ्याने स्वतः घाव घातला का, हे तिथे विचारतच नाहीत. कुणी म्हणेल, दगड म्हणजे काही तलवार नव्हे. खरंय. पण घेणारा तो कशासाठी नेतोय हे डोळ्यांना दिसत असेल तर? पोटासाठी पाटीभर दगड विकणं आणि सरकारी सहीशिक्क्याने वाघिणी भरून पाठवणं एकाच मापाने मोजायचं का? दोघांना विकलं म्हणून तो समभाव, हे मला काही पटत नाही.

जून १९४४ मध्ये, दोस्तांच्या दडपणाखाली, सालाझारने निर्यात थांबवली. तोवर जर्मनीची बाजू ढासळली होती, धास्तीही ओसरली होती. जर्मनीकडून आलेल्या सोन्यात व्यापलेल्या देशांच्या बँकांमधून लुटलेलं सोनंही होतं. त्यातलं सुमारे ४ टन पोर्तुगालने १९५० च्या दशकात परत केलं. उरलेलं त्याच्याकडेच राहिलं.