शंखातला पाहुणा

ओहोटीच्या वेळी कोर्लईच्या खडकांवर समुद्री गोगलगायी आपण नेहमी पाहतो. जगभरच्या किनाऱ्यांवर अशा काही गोगलगायींच्या पोटात सूक्ष्म चपटे कृमी वाढतात. त्यांची अंडी पक्ष्यांच्या विष्ठेतून येतात. कृमी तिची जननग्रंथी खातात. ती मरत नाही. चरते, सरकते, शंखही शाबूत असतो. पण तिला पिल्ले होत नाहीत. तिच्या अन्नावर कृमींचीच प्रजा पोसली जाते.

कृमी दुष्ट आहेत काय? नाही, त्यांना दुसरी वाट नाही. गोगलगायीलाही निवड नाही. आपल्याला आहे. बांधावरून भावाशी धरलेला राग आपण वर्षानुवर्षे पोसतो. बाहेरून सारे ठीक दिसते. आत प्रेमाला नवा अंकुर फुटत नाही. आपल्या कष्टांवर कोण पोसले जात आहे, हे आज स्वतःला विचारू या, आणि भावाच्या दारी जाऊ या.