न लागलेला मासा

जी. ई. एम. स्क्यूज हे लंडनमधले वकील. वकिली सांभाळून त्यांनी उभं आयुष्य इचन नदीकाठी ट्राउट गरवण्यात घालवलं आणि पाण्याखालच्या किड्यांची हुबेहूब नक्कल करून मासा पकडायची पद्धत रूढ केली. त्यांनी लिहिलेली एक छोटीशी कथा आहे. कॅस्टवेल नावाचा एक निष्णात गरवणारा मरतो. मेल्यावर त्याला उत्तम रॉड मिळतो, सुंदर नदी मिळते, दिमतीला माणूस मिळतो. पहिल्याच फेकीला घसघशीत ट्राउट लागतो. दुसऱ्या फेकीला तसाच दुसरा, त्याच जागी, तेवढ्याच वजनाचा. तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या फेकीलाही तेच. जागा बदलू का, असं तो विचारतो; परवानगी नाही. थांबू का, तर तेही नाही. शेवटी त्याच्या ध्यानात येतं की आपण स्वर्गात आलेलो नाही.

या कथेचा अर्थ मला पुरता उमगला तो नुंदकोलच्या काठी, एकही मासा न पकडता घालवलेल्या दिवसांत.

काश्मीरमध्ये हरमुखच्या पायथ्याशी गंगबल आणि नुंदकोल ही जोडतळी आहेत. नारानागहून खडी चढण चढून गेलं की त्रुनखोलची कुरणं लागतात आणि त्यांच्याही वर, साडेतीन हजार मीटरच्या आसपास, ही तळी. गंगबलचं पाणी ओढ्याने नुंदकोलमध्ये उतरतं आणि पुढे वांगत नाल्याने सिंध नदीला मिळतं. गंगबल काश्मिरी पंडितांचं तीर्थ आहे. पूर्वजांच्या अस्थी तिथे विसर्जित करतात. दोन्ही तळ्यांत ब्राउन ट्राउट आहे. वर्षातले बरेच महिने वर बर्फाची साय असते, त्यामुळे उन्हाळ्याच्या थोड्या दिवसांत माशाला वर्षभराची भूक भागवून घ्यावी लागते. एवढा भुकेला मासा आपल्या आकड्याला तोंड का लावत नाही, हा प्रश्न नवशिक्याला पहिल्या तासातच पडतो, आणि तिथून पुढे तळं त्याला शिकवू लागतं.

आपल्याकडे कोकणात खाडीवर गरवताना शिशाचं वजन तंगूस ओढून नेतं. ट्राउटच्या फ्लायला वजनच नसतं. आकड्यावर पिसं, लोकर आणि धागा गुंडाळून केलेला किडा तो. वजन असतं ते जाड दोरीत. ती आधी पाठीमागे उडवायची, हवेत पुरती सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे सोडायची. नवख्याचा हात ती सरळ व्हायच्या आत पुढे येतो. डोळे समोरच्या पाण्यावर खिळलेले असतात आणि सगळं बिघडतं ते पाठीमागे. दोरी पायाशी गोळा होऊन पडते, फ्लाय मागच्या जुनिपरच्या झुडपात अडकते. दुपारी खोऱ्यातून वारा चढू लागला की जे थोडंफार जमत होतं तेही जमेनासं होतं. मनगट दुखतं, बोटं गारठतात. आणि तरीही हातातला रॉड खाली ठेवावासा वाटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

बरोबर वांगत भागातले एक वयस्क वाटाडे होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "साब, बैठ जाइए." ते तसं का म्हणाले याचं शास्त्र मी नंतर वाचलं. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंतचं सगळं आकाश सुमारे ९७ अंशांच्या शंकूत मावतं. काठावर उभा असलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला दिसतो; जमिनीलगत बसलेला जवळजवळ दिसेनासा होतो. नुंदकोलसारख्या नितळ पाण्यात आपण मासा शोधत असतो तेव्हा त्याने आपल्याला केव्हाच पाहिलेलं असतं.

बसल्यावर तळं वेगळंच दिसू लागलं. नदीतला ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो, कारण त्याचं अन्न वाहत त्याच्याकडे येतं. तळ्यात तसं नाही. तिथे मासा स्वतः फिरतीवर असतो. पाण्यावर उमटलेलं वर्तुळ म्हणजे तो आत्ताच होता ती जागा. फ्लाय टाकायची ती त्याच्या पुढच्या वाटेवर. एकामागून एक उमटणारी वर्तुळं पाहायची, त्यांतून त्याची दिशा हेरायची, आणि तो पोचण्याआधी आपला किडा तिथे पोचवायचा. शिवाय त्या किड्याची चालही खरी हवी. तळ्यातल्या ट्राउटच्या खाण्यात मोठा वाटा असतो तो चिलटांसारख्या बारीक, न चावणाऱ्या किड्यांच्या कोशांचा. ते कोश तळाच्या गाळातून पृष्ठभागाकडे अगदी संथ चढतात. नवशिक्या घाईने दोरी ओढतो, आणि पाण्याखाली असा किडा पळत सुटलेला कोणत्याही माशाने कधी पाहिलेला नसतो. मी दोरी बोटांत घेऊन इतकी हळू ओढू लागलो की ती हलते आहे की नाही हे मलाच कळेना. तेव्हा कुठे एकदा टोकाशी काहीतरी जाणवलं. क्षणभरच. खोटा किडा तोंडात घेऊन तो थुंकून टाकायला ट्राउटला क्षण पुरतो.

हाती लागलं ते एवढंच. पण मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं, आणि हे सुख नेमकं कसलं, याचा विचार तेव्हापासून पाठ सोडत नाही.

आपल्या मनात यावर एक उत्तर तयारच असतं: निष्काम कर्म. फळाची आशा सोडली की कर्मातच आनंद. मला ते इथे लागू होतं असं वाटत नाही. फळाची आशा मी मुळीच सोडली नव्हती. मासा मला हवा होता, अगदी जीव ओतून हवा होता. ती आस काढून टाकली असती तर वर्तुळांवरची नजर ढळली असती, दोरीवरची बोटं सैल पडली असती आणि मी एक सुंदर तळं पाहायला आलेला प्रवासी झालो असतो. त्यात वाईट काही नाही. पण पाण्यात काय चाललंय हे मला कधीच दिसलं नसतं. इच्छा तीव्र असावी आणि फळाची हमी नसावी, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच ते सुख मिळतं. कॅस्टवेलजवळ हमी होती, म्हणून त्याची इच्छा मेली.

दुसरं उत्तर मानसशास्त्राचं, आणि ते अधिक अडचणीचं. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरचे प्रयोग आहेत. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल तर कबुतर बटणावर चोच मारत राहतं, थांबायचं नाव घेत नाही. जुगाराची यंत्रं याच नियमावर चालतात. मग गळ टाकून बसलेला माणूस त्या कबुतराहून वेगळा कसा? 'आता एकदाच' असं म्हणत मीही अंधार पडेपर्यंत बसलोच होतो. हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळता येत नाही. तरी एक फरक मला ठळक दिसतो. जुगाराच्या यंत्राकडे कितीही निरखून पाहिलं तरी त्यातून काही शिकता येत नाही. हरलेली हजारावी खेळी पहिलीइतकीच मुकी असते. तळ्याकाठी प्रत्येक रिकामी फेक काहीतरी सांगून जाते. वारा कुठून येतो, ओढ्याचं गार पाणी तळ्यात शिरतं तिथे किडे का जमतात, उथळ पाण्याचा हिरवा रंग जिथे एकदम गडद निळा होतो तिथे तळ कसा उतरत गेला आहे. मासा लागला नाही, पण सकाळी ज्याची मला गंधवार्ता नव्हती ते संध्याकाळी मला दिसत होतं. नशीब दोन्हीकडे आहे. लक्ष द्यायला जागा आहे ती एकीकडेच.

खुद्द त्या माशाचा काश्मीरमधला इतिहासही अपयशाने सुरू होतो. ट्राउट हिमालयातला नव्हे. १८९९ साली इंग्लंडहून ड्यूक ऑफ बेडफर्डने भेट म्हणून पाठवलेली अंडी वाया गेली. १९०० साली दुसरी खेप आली ती जगली, आणि श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी ती रुजवण्यासाठी कष्ट घेतले. 'फिशेस ऑफ इंडिया' लिहिणाऱ्या फ्रान्सिस डे यांनी निलगिरीत १८६०च्या दशकात केलेले प्रयत्न फसले. तिथे ट्राउट टिकला तो विसाव्या शतकात. टास्मानियाची हकिगत तर याहून विलक्षण. १८५२, १८६० आणि १८६२ अशा तीन खेपा समुद्रावरच मेल्या. मग जेम्स यूल यांनी अंडी ओल्या शेवाळात गुंडाळून बर्फाखाली ठेवली आणि १८६४ साली 'नॉरफोक' जहाजाने ती जिवंत पोचली. हा सगळा खटाटोप सामन माशासाठी होता. ट्राउटची थोडीशी अंडी निघताना शेवटच्या घडीला त्यात घातलेली. सामनची पिल्लं समुद्रात गेली ती नद्यांत परतलीच नाहीत, ट्राउट राहिला. ज्याच्यासाठी इतकी वर्षं माणसं झटली ते गेलं आणि जे सोबत टाकलं होतं ते उरलं, यावर मी त्या काठावर बराच वेळ विचार करत होतो.

या रुजण्याची किंमतही मोजावी लागली आहे. परका शिकारी मासा आला की स्थानिक माशांवर संकट येतं. टास्मानिया आणि न्यूझीलंडमधल्या गॅलॅक्सिड कुळातल्या लहान माशांचं तसं झालं. आणि प्रश्न वेदनेचाही आहेच. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिलं की रेनबो ट्राउटच्या डोक्यावर इजा जाणणारे मज्जातंतू असतात. म्हणजे आकडा माशाला काहीच जाणवत नाही हे जुनं समाधान आता चालणार नाही. दिवसभर मासे पकडून, फोटो काढून सोडून देणाऱ्यापेक्षा परवान्याच्या मर्यादेत एखादा पकडून, लगेच मारून खाणारा मला अधिक प्रामाणिक वाटतो. संख्या वाढवण्यासाठी एखाद्या जिवाला पुन्हा पुन्हा ओढून काढणं मला पटत नाही, मग तो नंतर पोहत निघून गेला तरी.

संख्येचं हे वेड केवळ गळापुरतं नाही. आपल्या घरांत मुलगी पेटी शिकायला बसली की महिन्याभरात कुणीतरी विचारतं, 'प्रारंभिक'ला कधी बसवताय? सह्याद्रीत भटकणाऱ्याला विचारतात, किती किल्ले झाले? प्रश्न आपुलकीचेच असतात. पण ज्यात आपण काही वर्षं कच्चे राहू शकतो, ज्याचा हिशेब कुणी मागत नाही, असं एकही काम आपण स्वतःजवळ ठेवत नाही. प्रौढपणी नवशिक्या होणं अवघड जातं ते बहुधा त्यामुळेच. हात अडखळतात याची सवय गेलेली असते, आणि अडखळणाऱ्या हातांनाच बारकावे दिसतात हेही विसरलेलं असतं. मला माशापेक्षा ती सवय परत हवी आहे. आणि मासाही हवा आहेच.

महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात कितीतरी तरुण मुलंमुली या तळ्यांच्या वाटेवर जातात, बहुतेक एक मुक्काम करून पुढच्या खिंडीकडे निघतात. त्यांना माझं सांगणं आहे की जमलं तर नुंदकोलला एक दिवस जास्त राहा. मत्स्य विभागाचा परवाना आधीच काढा, स्थानिक वाटाड्याला सोबत घ्या, आकड्याच्या टोकामागची उलटी अणी पकडीने दाबून सपाट करा. काठावर उभे राहू नका, बसा. आणि तुटलेलं तंगूस तिथे टाकू नका. पक्ष्यांच्या पायात ते अडकतं.