संध्याकाळचा भाव



पहिला पाऊस पडून चार दिवस झाले की पालघर स्टेशनच्या बाहेर शेवळी दिसू लागतात. मनोर रस्त्यावरच्या पाड्यांवरून आदिवासी बाया त्या घेऊन येतात. रानात हिंडून गोळा केलेल्या जुड्या आणि सोबत मूठभर काकडे. काकडांशिवाय शेवळीची भाजी केली तर घसा खाजतो, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही.

मागच्या जून महिन्यात आम्ही नवरा-बायको शेवळी आणायला गेलो. मुद्दामच उशिरा गेलो. संध्याकाळी भाव उतरतो, हा आमच्या घरातला जुना हिशेब. एक बाई शेवटच्या चार जुड्या पुढ्यात घेऊन बसली होती. सकाळी हीच जुडी तीस रुपयांना जात होती. आता ती वीस म्हणाली. आम्ही म्हणालो, "चारही घेतो, पन्नास रुपये देऊ." तिने एसटी स्टँडच्या दिशेने एकदा पाहिले. गाडीची वेळ झाली होती. "न्या," ती म्हणाली. आम्ही खूश होऊन घरी आलो. भाजीही छान झाली.

पुढच्या रविवारी मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली. पुढच्या बाकावरची बाई मागे वळली आणि तिने आमच्याकडे पाहून हात जोडले. तीच होती. तिने आम्हाला ओळखले की नाही, कोण जाणे. आम्ही मात्र तिला ओळखले. हात जोडले, पण तोंडातून "शांती असो" हे शब्द धड निघाले नाहीत.

तेव्हापासून एक प्रश्न आम्हाला सोडत नाही. आम्ही काही चोरी केली नव्हती. तिने भाव मान्य केला होता. मग आम्हाला लाज का वाटली? दोघांनी कबूल केलेला भाव हाच न्याय्य भाव, असे असेल तर त्या व्यवहारात खोट कुठे होती?

आपला बाजार गेल्या काही वर्षांत फार बदलला आहे. १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांमुळे वस्ती वाढतच होती, तिच्याबरोबर दुकानेही वाढली. आता ट्रॉली ढकलत आपण थंडगार दुकानात फिरतो. तिथे बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली किंमत आपण निमूटपणे देतो. काउंटरवरच्या मुलीशी कधी कोणी घासाघीस केलेली आम्ही पाहिली नाही. तिथून बाहेर पडतो, रस्ता ओलांडतो, आणि पालकाच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून वाद घालतो. आत सगळे बिल मोबाइलवरून चुकते केलेले असते. बाहेर मात्र "सुट्टे नाहीत, दोन रुपये राहू दे" असे म्हणायला आपल्याला काही वाटत नाही.

असे का होते? एक कारण सरळ आहे. पॅकबंद मालाच्या मागे कायदा उभा आहे. त्यावर सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि दुकानदाराला त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. हा कायदा आपल्यासाठी, म्हणजे गिऱ्हाइकासाठी आहे. भाजीच्या जुडीवर असा आकडा नसतो. तिची किंमत अमुक एका रकमेच्या खाली जाऊ नये, असे सांगणारेही कोणी नाही. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. तो त्यांच्या बसण्याच्या जागेचा आणि उपजीविकेचा विचार करतो. पण तिच्या जुडीला काय भाव मिळावा, ते तिच्या आणि आपल्यामध्येच ठरते. जिथे कायदा थांबतो, तिथे आपली सदसद्विवेकबुद्धी एकटीच उरते. खरी परीक्षा तिथे असते.

हा प्रश्न आजचा नाही. येशूच्या जन्माआधी काही दशके रोममध्ये सिसेरो नावाचा विचारवंत होऊन गेला. त्याने एक उदाहरण चर्चेला घेतले होते. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन तिथे पोहोचतो. त्याच्यामागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. भुकेल्या लोकांना ते ठाऊक नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? सिसेरोचा निवाडा असा होता की स्वतःच्या फायद्यासाठी हे लपवून ठेवणे सज्जनाला शोभत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनीही अशाच उदाहरणाचा विचार केला. ते व्यापाऱ्याशी थोडे सौम्यपणे वागले. चालू भावाने विकले तर तो काटेकोर न्याय मोडतो असे दिसत नाही, पण खरे सांगितले किंवा भाव कमी केला तर त्यात सद्गुण अधिक, असे त्यांचे म्हणणे. मात्र दुसऱ्या एका बाबतीत ते फार ठाम आहेत. एखादी वस्तू देऊन टाकल्याने विकणाऱ्याचे स्वतःचे नुकसान होत असेल, तर ते त्याने किमतीत धरावे. पण घेणाऱ्याची गरज मोठी आहे, एवढ्याच कारणासाठी जास्त घेऊ नये. कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही. जे आपले नाही ते आपण विकणार कसे?

हा विचार उलट बाजूने लावून पाहा. शेवळीवाली विकणारी होती आणि आम्ही घेणारे होतो. पण त्या घटकेला गरज तिची होती. एसटी चुकली तर रात्र कुठे काढायची, आणि राहिलेल्या जुड्या दुसऱ्या दिवशी कोण घेणार? आम्ही नुसती भाजी विकत घेतली नाही. तिची घाई आम्ही आमच्या बाजूने तराजूत टाकली. त्या घाईवर आमचा काय हक्क होता?

कोणी म्हणेल, ती स्वतः कबूल झाली ना? याचे उत्तर १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयीच्या आपल्या परिपत्रकात देऊन ठेवले आहे. कामगार अडचणीपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने कमी मजुरीला तयार झाला, तर तेवढ्याने ती मजुरी न्याय्य ठरत नाही, असे त्यांनी बजावले. हे जुने झाले असे समजू नका. २०२५ साली निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी हे नाव घेण्यामागे त्या परिपत्रकाचेही कारण सांगितले होते. आपल्यातले कितीतरी जण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करतात. "सही तुम्हीच केली होती ना?" हे वाक्य कसे लागते, ते त्यांना विचारावे. जे वाक्य आपल्याला ठेकेदाराच्या तोंडून सहन होत नाही, तेच आपण भाजीवालीला ऐकवतो.

आता दुसरी बाजू. बाजारात आपण गिऱ्हाईक असतो, पण रविवारी केळव्याला किंवा चिंचणीला चित्र फिरते. मुंबईकडून गाड्या येतात, केळवे रोड स्टेशनवर माणसे उतरतात. शितलादेवीचे दर्शन, सुरूची बने, समुद्र, आणि घरगुती जेवण. आपल्या भागातल्या अनेक घरांची चूल या पाहुण्यांवर चालते. कोणी खोल्या देतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी शहाळी विकतो. आणि आपल्यातच एक वाक्य फिरते, "मुंबईवाले आहेत, देतील." रात्री लहान मुलांना घेऊन स्टेशन गाठायचे असते, पाऊस कोसळत असतो आणि रिक्षा एकच उरलेली असते. तेव्हा भाडे दुप्पट होते. देणारा देतो. पण तो रिक्षाच्या फेरीचे पैसे देतो, की स्वतःच्या भीतीचे?

कायदा इथेही सगळे सांगत नाही. पाण्याच्या बाटलीचे पाहा. दुकानात छापील किमतीपेक्षा जास्त घेणे गुन्हा आहे, पण हॉटेलात बसवून, सेवा देऊन जास्त घेता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. टेबल, पंखा, वाढणारा माणूस यांचा खर्च हॉटेलवाल्याचा असतो, तो त्याने धरावा. रात्रीच्या फेरीनंतर रिक्षा रिकामी परत येणार असेल, तर ते नुकसानही धरावे. पण पाहुण्याची तहान आणि त्याची धावपळ ही आपल्या खर्चात बसत नाही.

गरजेचा भाव लावू नये, हे आपण सर्वांनी एकदा मान्यही केले आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या सुरुवातीला मास्क आणि सॅनिटायझर मिळेनासे झाले. तेव्हा सरकारने तीनपदरी मास्कला दहा रुपये आणि दोनशे मिलिलिटर सॅनिटायझरला शंभर रुपये अशी कमाल मर्यादा घातली. त्यावेळी "ज्याला हवे तो जास्त पैसे देईल" असे म्हणणाऱ्याला आपण नफेखोर म्हटले. मग एरवी, लहान व्यवहारात, आपण वेगळे का वागतो? गरज एकाच माणसाची असली म्हणजे ती लहान होते का?

या विचाराच्या विरुद्ध प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली अशी की सगळ्यांनाच हे सारखे लागू होत नाही. ज्याचा पगार दोन महिने थकला आहे, ज्याच्या घरी वीस रुपये म्हणजे मुलाचे दूध आहे, तो संध्याकाळच्या स्वस्त भाजीवरच जगतो. त्याच्या खांद्यावर आम्ही हे ओझे ठेवत नाही. दुसरी गोष्ट अशी की ती बाई भीक मागायला बसलेली नाही. कनवाळूपणाने पन्नासाच्या जागी शंभर पुढे करून पाठ फिरवणे हाही तिचा मान नव्हे. उरलेली भाजी घेणे चूक नाहीच. घेतली नाही तर ती वाया जाईल. तिने आपणहून भाव उतरवला, तर तो आनंदाने द्यावा. वीस रुपये ही तिने केलेली सूट होती. त्याखाली जे खेचले, ते आम्ही खेचले.

द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. मत्तयच्या शुभवर्तमानातला विसावा अध्याय. दिवस मावळायला तासभर उरला असताना नाक्यावर उभी असलेली माणसे आठवा. दिवसभर त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. त्या वेळी मळ्याच्या मालकाने चार नाणी देतो म्हटले असते, तरी ती आली असती. घरी रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा ते बरे. मालकाला ते कळत होते. पण त्याने संध्याकाळचा भाव लावला नाही. त्या माणसांच्या घरी त्या रात्री काय लागेल, तेवढे दिले. आम्ही हा दाखला आजवर देवाच्या औदार्याचा म्हणून ऐकत आलो. तो बाजाराचाही आहे, हे आम्हाला चार जुड्या शेवळींनी शिकवले.

मग करायचे काय? आमच्या घरी आम्ही एक साधा नियम केला आहे. शेवटचा माल घेताना विचारायचे, "बाई, सगळे घेतले तर किती?" ती सांगेल तो भाव द्यायचा, किंवा नको असेल तर नमस्कार करून पुढे जायचे. खाली ओढायचे नाही. आणि आपण विकायला बसू तेव्हा समोरच्याकडे शेवटची गाडी आहे, हे ठाऊक नसल्यासारखा भाव सांगायचा. महिन्याच्या खर्चात याने फारसा फरक पडलेला नाही.

त्या बाईचे आम्ही तीस रुपये देणे लागतो. चार जुड्या, वीसच्या भावाने ऐंशी. आम्ही पन्नास दिले. त्या रविवारनंतर ती आम्हाला मिस्साला दिसलेली नाही. पावसाळ्यात पुन्हा शेवळी येतील, तेव्हा आम्ही स्टेशनबाहेर तिला शोधणार आहोत. या वेळी सकाळी जाणार आहोत.