दुर्बोधतेचा अधिकार

१

मर्ढेकरांच्या कवितेपासून मराठी समीक्षेत दुर्बोधतेचा जो वाद रंगला, त्याचा निकाल ढोबळमानाने कवीच्या बाजूने लागला. अनुभवच गुंतागुंतीचा असेल तर अभिव्यक्ती सरळ असावी असा हट्ट वाचकाला धरता येत नाही, ही भूमिका हळूहळू मान्य होत गेली. पुढे रशियन रूपवादाचा परिचय वाढल्यावर तिला सैद्धांतिक आधारही मिळाला. व्हिक्टर श्क्लोव्स्की यांनी १९१७ मध्ये मांडलेल्या अपरिचितीकरणाच्या संकल्पनेनुसार, सवयीने बोथट झालेली संवेदना जागी करण्यासाठी कला रूप अवघड करते आणि आकलनाचा काळ लांबवते. वाचकाला अडवणे हा येथे दोष उरत नाही. ते कलेचे कार्यच ठरते.

हा निकाल साहित्यापुरता योग्य मानला, तरी त्याची व्याप्ती कुठवर आहे हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. माणसाचे निवृत्तिवेतन, त्याचा वाहन-परवाना किंवा आजारपणातील अर्थसाहाय्य ज्या संहितांवर अवलंबून असते, त्या आज मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर वाचल्या जातात. त्यांनाही रूप असते. त्या रूपामागे एक व्याकरण असते. व्यवसायाच्या परिभाषेत त्याला ‘डिझाइन सिस्टिम’ म्हणतात. अक्षरवळण, रंग, रकाने, बटणे, चूक दाखवणारी वाक्ये यांचा एक ठरीव साठा आणि त्यांच्या मांडणीचे नियम, असे तिचे स्वरूप असते. शेकडो माणसांनी वेगवेगळ्या वेळी तयार केलेली पाने एकाच संस्थेची वाटावीत, हा तिचा एक हेतू. दृष्टी, श्रवण, हातांची हालचाल किंवा आकलन यांत अडचण असलेल्या माणसालाही ती वापरता यावीत, हा दुसरा. पहिल्याला पृथगात्मता म्हणता येईल, दुसऱ्याला सुगम्यता.

हे दोन हेतू परस्परविरोधी आहेत असा समज रूढ आहे. त्यानुसार पृथगात्मता ही निर्मात्याच्या स्वातंत्र्याची बाब आणि सुगम्यता ही त्या स्वातंत्र्यावरची कायदेशीर मर्यादा. साहित्यसमीक्षेतील जुना द्वंद्वच येथे नव्या वेशात उभा राहतो: शैली की सुबोधता? ब्रिटिश शासनाच्या संकेतस्थळाचे उदाहरण या द्वंद्वाची तपासणी करण्यास विशेष उपयुक्त आहे.

२

या उदाहरणाची मुळे पडद्यावर नसून रस्त्यावर आहेत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये द्रुतगती मार्ग बांधले जाऊ लागले, तेव्हा वेगाने जाणाऱ्या चालकाला वाचता येतील अशा फलकांची गरज निर्माण झाली. हे काम जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांच्याकडे आले. पुढे सर्वच रस्त्यांसाठी नेमलेल्या वॉरबॉइज समितीचा अहवाल १९६३ मध्ये आला आणि १ जानेवारी १९६५ पासून नवी फलकव्यवस्था अमलात आली. या दोघांनी त्यासाठी ‘ट्रान्सपोर्ट’ नावाचे वळण घडवले. गावाचे नाव सगळे मोठ्या लिपीत न लिहिता पहिले अक्षर मोठे व उर्वरित लहान लिपीत लिहावे, म्हणजे प्रत्येक नावाला स्वतःची बाह्याकृती मिळते आणि अक्षरे सुटी लावण्याआधीच शब्द ओळखू येतो, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याला विरोध झाला. अक्षरकार डेव्हिड किंडर्स्ली यांनी केवळ मोठ्या लिपीतले, अक्षरांच्या टोकांना आडव्या रेघा असलेले आपले वळण पुढे केले. दोन्हींची प्रत्यक्ष चाचणी झाली. किंडर्स्ली यांचे वळण वाचनीयतेत किंचित सरस ठरले. परंतु फरक इतका अल्प होता की निवड अखेर दृष्टिसौंदर्याच्या निकषावर झाली आणि ती किनीर-कॅल्व्हर्ट यांच्या बाजूने गेली.

या घटनेचा अर्थ दोन्ही पक्षांना अडचणीत टाकणारा आहे. सुगम्यता म्हणजे केवळ मोजमाप, असे मानणाऱ्याला येथे आकड्याने पूर्ण उत्तर दिलेले नाही. सौंदर्य हा मोजमापापलीकडचा स्वैर विलास, असे मानणाऱ्यालाही येथे आधार नाही; कारण सौंदर्याचा निकष आला तो चाचणीनंतर, दोन्ही वळणे दुरून वाचता येतात हे सिद्ध झाल्यावर. सौंदर्याला मत होते, पण ते वाचकाच्या गरजेची अट पूर्ण केल्यावरचे होते.

ब्रिटिश शासनाने २०१२ मध्ये आपली विखुरलेली संकेतस्थळे एकत्र आणण्यास सुरुवात केली, तेव्हा याच वळणाची ‘न्यू ट्रान्सपोर्ट’ ही नवी आवृत्ती निवडली गेली. हेन्रिक कुबेल यांनी मार्गारेट कॅल्व्हर्ट यांच्यासह ती घडवली होती. ते संकेतस्थळ १७ ऑक्टोबर २०१२ रोजी रीतसर सुरू झाले. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरे, चित्रांचा जवळपास अभाव, एका पानावर शक्यतो एकच प्रश्न, असे त्याचे रूप होते. लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०१३ चा वर्षातील सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार या उघड्याबोडक्या वाटणाऱ्या स्थळाला दिला.

३

हे स्थळ ओळखू येते ते कशामुळे? त्याचे उत्तर एका पिवळ्या रंगात सापडते. हात थरथरणारा किंवा माउस वापरू न शकणारा माणूस कळफलकाची एक कळ दाबत पानावरील एका दुव्यावरून दुसऱ्यावर जातो. तो या क्षणी कोठे आहे हे त्याला दिसले नाही तर सारे पान त्याच्यासाठी अंधारात जाते. म्हणून त्या जागेला ठळक खूण लागते. वेबच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या २०१८ मधील आवृत्तीने अशा खुणांच्या रंगभेदाची किमान पातळी ठरवली. पिवळा रंग पांढऱ्यावर फिका पडतो. तेव्हा २०१९ मध्ये या व्यवस्थेने पिवळ्याला जाड काळ्या रेघेची जोड दिली: पांढऱ्या पानावर काळी रेघ उठून दिसते, गडद भागावर पिवळा. हा निर्णय कोणाच्या रंगाभिरुचीतून आलेला नाही. आज मात्र तीच पिवळी-काळी खूण या व्यवस्थेची सर्वांत ठसठशीत ओळख ठरली आहे.

वामनाने रीतीची व्याख्या विशिष्ट पदरचना अशी केली आणि ते वैशिष्ट्य गुणांमधून येते असे सांगितले. त्याच्या मते काव्याची शोभा गुण निर्माण करतात. अलंकार आधी असलेली शोभा फक्त वाढवतात. प्रसाद हा त्याने मानलेल्या गुणांपैकी एक. काव्याची चर्चा जशीच्या तशी रकान्यांना आणि बटणांना लावणे योग्य नव्हे. परंतु हा भेद येथे नेमका उपयोगी पडतो. बाजारातील बहुतेक संस्था पृथगात्मता अलंकारात शोधतात: वेगळा रंग, हलणारे चित्र, फिकट राखाडी अक्षरांचा नाजूकपणा. या उदाहरणातील पृथगात्मता गुणातून आलेली आहे. सर्वांत दूर उभ्या असलेल्या वाचकासाठी जो निर्णय घेतला गेला, तोच शैली बनला.

आकड्यांतही असा माणूस दडलेला असतो. त्याच आंतरराष्ट्रीय निकषांच्या डिसेंबर २००८ मधील आवृत्तीने सामान्य आकाराचे अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे असे ठरवले. हा आकडा तांत्रिक वाटतो, पण त्यामागे सुमारे ८० वर्षांच्या वृद्धाची सर्वसाधारण दृष्टी गृहीत धरलेली आहे. निरोगी दृष्टीसाठी ३ : १ हे प्रमाण आधीच मान्य होते, वार्धक्यातील दृष्टिमांद्य भरून काढण्यासाठी त्याची दीडपट करण्यात आली. फिकट अक्षरे निवडणारा रचनाकार केवळ एक छटा निवडत नसतो. कोणत्या वयाच्या माणसाने दाराबाहेर थांबावे, हेही तो ठरवत असतो.

भाषेच्या निवडीतही हेच घडते. या व्यवस्थेचे मार्गदर्शन असे, की चूक दाखवणाऱ्या वाक्यात वाचकाला ‘तुम्ही विसरलात’ असे म्हणू नये, क्षमा मागू नये आणि विनोदही करू नये. काय चुकले आणि ते कसे दुरुस्त करावे एवढेच सांगावे. दोषारोप, खोटी नम्रता आणि सलगी या तिन्ही प्रकारांत लिहिणारा स्वतःकडे लक्ष वेधतो. नावासाठी शक्यतो एकच रकाना ठेवावा, असेही तेथे सुचवलेले आहे. कारण जगातील सर्व नावे एकाच साच्यात बसत नाहीत. मधल्या जागी वडिलांचे किंवा पतीचे नाव लावणाऱ्या, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला या सूचनेचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. रकान्यांची संख्या ठरवणे म्हणजे कोणाचे नाव ‘योग्य’ हे ठरवणेच होय.

४

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. सर्वांना सोपे जावे म्हणून घडवलेले रूप सर्वत्र एकसारखे होत जाते. सवय वाढते, लक्ष कमी होते. आणि श्क्लोव्स्की यांना ज्या यांत्रिक आकलनाची भीती वाटत होती तेच येथे आदर्श म्हणून स्थापित होते. अवघडपणा नाहीसा करणारी संस्कृती अखेर विचारही नाहीसा करील, अशी ही शंका आहे.

तिचे उत्तर अवघडपणाच्या दोन प्रकारांत भेद केल्याशिवाय देता येणार नाही. एक अवघडपणा वाचक निवडतो. दुसरा त्याच्यावर लादला जातो. दुर्बोध कविता मिटून ठेवता येते, वर्षांनी पुन्हा उघडता येते, किंवा ती आपल्यासाठी नाही असे म्हणून सोडूनही देता येते. वाचकाच्या या स्वातंत्र्यावरच कवीचा दुर्बोधतेचा अधिकार उभा आहे. वेतन-साहाय्याचा अर्ज असा मिटून ठेवता येत नाही. त्याचा वाचक तेथे गरजेने आलेला असतो, बहुधा थकलेला असतो आणि त्याला दुसरे दार नसते. निघून जाण्याची मुभा नसलेल्या माणसाला अडवणे ही कला नव्हे. ती सत्ता आहे. तेव्हा श्क्लोव्स्की यांचा सिद्धांत खोटा ठरत नाही, त्याची सीमा तेवढी स्पष्ट होते.

आक्षेपाचा दुसरा भाग एकसारखेपणाचा. येथे या व्यवस्थेतील एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. तिची संगणकीय संहिता कोणालाही मुक्तपणे वापरता येते. परंतु ‘ट्रान्सपोर्ट’ वळण मात्र शासनाच्या ठरावीक पत्त्यांबाहेर वापरता येत नाही. मुक्ततेच्या तत्त्वाशी हे विसंगत वाटते, पण त्यात तथ्य आहे. ज्याला पत्त्याची बारीक अक्षरे तपासता येत नाहीत, त्याच्यासाठी परिचित रूप ही विश्वासाची एक खूण असते. खूण फसव्या हाती जाऊ शकते, म्हणून ती अपुरी आहे; पण ती नसेल तर अशा नागरिकाला पारखण्याचे साधनच उरत नाही. या अर्थाने पृथगात्मता सुगम्यतेच्या विरोधात उभी नसते. ओळखता येणे हीसुद्धा प्रवेशाची पहिली पायरी आहे.

५

तरीही सुबोधतेला न्यायाचा पर्याय मानण्याची चूक होऊ नये. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१७ पासून बालकांसाठीचे काही साहाय्य कुटुंबातील दोन अपत्यांपुरते मर्यादित करण्यात आले. तिसऱ्या अपत्यासाठी जे मोजके अपवाद होते, त्यांतील एक संमतीविना झालेल्या गर्भधारणेचा होता. तो मिळवण्यासाठी मातेला विहित नमुन्यात अर्ज करावा लागे आणि सामान्यतः आरोग्य किंवा समाजकार्य क्षेत्रातील व्यक्तीचा दुजोरा जोडावा लागे. या तरतुदीवर मोठी टीका झाली. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात ती मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठवण्याचे जाहीर करण्यात आले.

असा नमुना कितीही स्वच्छ अक्षरात, कितीही प्रमाणशुद्ध रंगांत मांडला, तरी त्याने विचारलेला प्रश्न सौम्य होत नाही. रचनाकाराला येथे एक अस्वस्थ करणारी जाणीव होते: त्याचे कौशल्य जितके चांगले, तितका क्रूर नियम सुरळीत चालतो. म्हणून काहींना असे वाटेल, की अशा वेळी रूप मुद्दाम खडबडीत ठेवावे. परंतु त्या खडबडीतपणाने इजा होते ती अर्जदाराला; नियम करणारा तो अर्ज भरत नसतो.

सुबोध रूपाचे खरे नैतिक मोल दुसरीकडे आहे. अन्याय्य नियम जेव्हा दुर्बोध अर्जामागे लपलेला असतो, तेव्हा नाकारला गेलेला माणूस दोष स्वतःकडे घेतो: आपल्यालाच समजले नाही, आपणच चुकीचा रकाना भरला. अर्ज स्वच्छ असेल तर हा आडोसा नाहीसा होतो. प्रश्न काय विचारला गेला, कोणी विचारला आणि उत्तर दिल्यावरही नकार का मिळाला, हे उघड्यावर येते. सुबोधता न्याय देत नाही. अन्याय कोणाच्या नावे लिहायचा एवढे ती निश्चित करते.

समीक्षेने कवीला दुर्बोधतेचा अधिकार दिला तो योग्यच होता. तो अधिकार निवड करू शकणाऱ्या वाचकासमोरचा आहे, ही त्याची अट मात्र तेव्हा सांगायची राहून गेली. नागरिकाला ज्या पानावरून उठून जाता येत नाही, त्या पानावर तो अधिकार कोणालाच नाही. शासनाला नाही, आणि स्वतःच्या शैलीवर प्रेम करणाऱ्या रचनाकारालाही नाही.